केट्या, रात्रीचे काम आणि अर्धी राहिलेली पदवी

दिव्यात राहणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारलेल्या प्रश्नाला हे उत्तर आहे. तो नवी मुंबईतील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात माहिती तंत्रज्ञान शाखेच्या तिसऱ्या वर्षात शिकतो. वागळे इस्टेटमधील ज्या कारखान्यात त्याचे वडील होते तो बंद पडला. तेव्हापासून तो महाविद्यालय सुटल्यावर ठाण्यातील एका किराणा घरपोच देणाऱ्या कंपनीच्या गोदामात मध्यरात्रीपर्यंत पॅकिंगचे काम करतो. एम-थ्री (तिसऱ्या सत्राचे गणित), ऑटोमाटा थिअरी आणि नेटवर्क सिक्युरिटी अशा तीन केट्या, म्हणजे नापास होऊन मागे राहिलेले विषय, त्याच्या नावावर आहेत आणि हजेरी कमी पडल्याने डिफॉल्टर यादीत नाव लागले आहे. गोदामात आता कायम करून घेत आहेत, तेव्हा शिक्षण सोडून ते काम धरावे, असे वडिलांचे म्हणणे आहे. चिकाटी संपत चालली आहे, असे तो लिहितो. पदवी सोडावी का, केट्यांचा डाग पुढे नोकरीत नडेल का आणि मुलाखतीत याविषयी काय बोलावे, हे त्याचे तीन प्रश्न आहेत.

पदवी सोडू नका, हे माझे थेट उत्तर आहे. मात्र ती आज ज्या रीतीने रेटत आहात ती रीत लगेच बदलावी लागेल, कारण तशी ती पुढच्या जूनपर्यंत रेटता येणार नाही.

नवी मुंबईतील अभियांत्रिकी महाविद्यालयांत विद्यार्थ्यांच्या नोकरभरतीचे काम मी अनेक वर्षे करीत आले आहे आणि त्याआधी रबाळ्याच्या औद्योगिक पट्ट्यात नोकरी केली आहे. अडचणीत सापडलेल्या मुलांना आपल्याकडे पहिला सल्ला ‘थोडी कळ सोसा’ असा मिळतो. मला तो अपुरा वाटतो. विद्यार्थ्याच्या वाट्याला येणारे काही त्रास सोसावेच लागतात. एम-थ्रीचा पेपर दुसरे कोणी येऊन देणार नाही. दुसरे काही त्रास अर्ज केला, सही घेतली किंवा योग्य खिडकीवर योग्य कागद दिला की संपतात किंवा निदान निम्मे होतात. ज्यांच्या घरात आधी कोणी पदवीधर नाही त्यांना हा फरक कोणी सांगितलेला नसतो. शुल्काचे हप्ते मागणे त्यांना लाचारी वाटते, प्राध्यापकांना घरची स्थिती सांगणे म्हणजे रडगाणे गाणे वाटते आणि त्यामुळे दोन्ही प्रकारचे त्रास ती मुले मुकाट्याने सोसत राहतात. सुशिक्षित घरातला मुलगा याच प्रसंगी वडिलांना कार्यालयात एक फोन करायला लावतो. त्याची चिकाटी तुमच्याहून जास्त नसते, त्याला फक्त खिडकी ठाऊक असते.

म्हणून आधी पैशाचे पाहू. वडिलांची नोकरी गेली म्हणजे घरचे उत्पन्न बदलले. तहसीलदारांचे नवे उत्पन्न प्रमाणपत्र काढून घ्या. ते आपले सरकार सेवा केंद्रातून मिळते. प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत फेरीतून झाला असेल आणि तुम्ही खुल्या प्रवर्गातले असाल, तर वार्षिक ८ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. तिच्यात शिक्षण शुल्काचा निम्मा भार शासन उचलते. इतर प्रवर्गांच्या योजना वेगळ्या आणि बहुधा अधिक उदार आहेत. या सगळ्यांचे अर्ज शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर होतात. तेथे अर्ज पहिल्या वर्षी भरला की संपला असे अनेकांना वाटते, पण त्याचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते आणि आधार जोडलेले बँक खाते चालू नसेल तर मंजूर झालेली रक्कमही जमा होत नाही. शिष्यवृत्ती ‘नाकारली’ म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मुलांत असे कितीतरी असतात, ज्यांचा अर्ज महाविद्यालयाच्या लिपिकाकडून त्रुटीसह त्यांच्याच लॉगिनमध्ये परत आलेला असतो आणि त्यांनी तो उघडून पाहिलेलाच नसतो.

उरलेल्या शुल्कासाठी प्राचार्यांच्या नावे एक पानी अर्ज द्या. त्यात कारखाना बंद झाल्याची तारीख, किती रक्कम बाकी आहे आणि ती कोणत्या महिन्यांत किती भरू शकाल, हे आकड्यांत लिहा. ‘परिस्थिती हलाखीची आहे, कृपया सहकार्य करावे’ एवढेच लिहिलेल्या अर्जावर कोणताही लेखा विभाग काही करू शकत नाही. तीन हप्ते आणि तीन तारखा लिहून दिल्या तर सही करणाऱ्याचे काम सोपे होते. तरीही भागले नाही तर शैक्षणिक कर्जाचा विचार करा. बँकांच्या आदर्श कर्ज योजनेत ४ लाख रुपयांपर्यंत तारण मागितले जात नाही आणि परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर साधारण एका वर्षाने सुरू होते. कर्जाची भीती तुमच्या वडिलांना वाटेल आणि ती रास्त आहे. पण रोज सहा तास उभे राहून जे मिळते त्यासाठी एक वर्ष वाया गेले, तर तो तोटा कर्जाच्या व्याजाहून मोठा ठरण्याचीच शक्यता अधिक.

आता गोदामाच्या कामाविषयी. २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात तमिळनाडूतील ऊस उत्पादक शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास आला होता. त्याच शेतकऱ्यांना ऊस तुटण्याआधी, म्हणजे हात आखडलेला असताना, आणि पैसे हाती आल्यानंतर, अशा दोन वेळी बुद्धीच्या चाचण्या दिल्या. आधीच्या चाचण्यांत ते कमी पडले, नंतरच्यांत तेच शेतकरी पुढे गेले. मला हा अभ्यास एवढ्यासाठी महत्त्वाचा वाटतो की ‘माझे डोकेच चालत नाही’ असे म्हणणाऱ्या मुलांना मी तो सांगते. डोके तेच असते. फक्त त्याचा बराच भाग वीजबिल, घरभाडे आणि उद्याच्या डब्याच्या हिशेबात अडकलेला असतो. त्यावर रात्री एकला घरी पोहोचून सकाळी पुन्हा गाडी पकडणाऱ्याची झोप धरली, तर तीन केट्यांचे आश्चर्य वाटत नाही, त्या तीनवरच थांबल्या याचे वाटते. आणि हो, ‘प्रवासात अभ्यास कर’ असे सांगणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. दिवा ते ठाणे या टप्प्यात खिशातला मोबाइल काढायलाही हात मोकळा नसतो.

कर्मवीर भाऊराव पाटलांच्या ‘कमवा आणि शिका’चा दाखला आपल्याकडे फार दिला जातो. तो देताना त्यातला मुख्य भाग सोडून दिला जातो. रयत शिक्षण संस्थेने १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज काढले तेव्हा विद्यार्थ्याचे श्रम, राहणे आणि शिकणे एकाच आवारात एकमेकांना धरून आखलेले होते. काम शिक्षणासाठी होते आणि शिक्षणाच्या वेळा मोडणार नाहीत असे होते. तुमच्या बाबतीत वेळापत्रक गोदाम ठरवते आणि महाविद्यालय उरलेल्या वेळात बसते. हे उलटे करायचे आहे. आठवीपासून दहावीपर्यंतच्या मुलांच्या गणित-विज्ञानाच्या शिकवण्या दिव्यात, कळव्यात, मुंब्र्यात कोठेही मिळतात. पाच-सहा मुलांचा एक गट धरला तर गोदामाच्या तुलनेत निम्म्या तासांत जवळपास तेवढेच पैसे मिळू शकतात, आणि रात्री दहाला तुम्ही घरी असता. गट जमेपर्यंत गोदामाचे काम फक्त शनिवार-रविवारवर आणता येते का, हे तेथल्या पाळीप्रमुखाला विचारा. त्या कामांत माणसे सतत येत-जात असल्याने अशी सवलत अनेकदा मिळते.

केट्यांचा भाग मात्र सविस्तर सांगावा लागेल, कारण तिन्ही केट्या तुम्ही एकाच मापाने मोजत आहात. मुंबई विद्यापीठाच्या अभियांत्रिकीत आजवर चालत आलेला नियम असा की दुसऱ्या वर्षाचे सर्व विषय सुटल्याशिवाय शेवटच्या वर्षात प्रवेश मिळत नाही. तुमचे महाविद्यालय स्वायत्त असेल तर नियमात फरक असू शकतो, म्हणून परीक्षा विभागातून तो लेखी पाहून घ्या. या नियमाने पाहिले तर एम-थ्री आणि ऑटोमाटा थिअरी या दोन केट्या तुमचे पुढचे वर्ष अडवू शकतात. नेटवर्क सिक्युरिटी तिसऱ्या वर्षाची असल्याने अडवत नाही. तेव्हा येत्या परीक्षेत पहिल्या दोघींना सगळा वेळ द्या आणि तिसरीचा फॉर्म भरून तिला उरलेला. तिन्हींना सारखा वेळ देऊन तिन्हींत २७-२८ गुणांवर अडकलेली मुले मी दरवर्षी पाहते.

लेखी परीक्षा ८० गुणांची आणि उत्तीर्ण व्हायला ३२ लागतात. पहिला प्रश्न अनिवार्य असतो आणि उरलेल्या पाचांतून तीन सोडवायचे असतात. एम-थ्रीत लाप्लास, इनव्हर्स लाप्लास आणि फोरियर सिरीज हे तीन भाग पक्के असले तर ३२ आवाक्यात येतात, हे तुम्हाला कोणीतरी सांगितलेच असेल. न सांगितलेली गोष्ट अशी की इनव्हर्स लाप्लासमध्ये गुण जातात ते लाप्लासमुळे नव्हे, पार्शल फ्रॅक्शनमुळे. छेदात वर्गपद आले की अंशात दोन अज्ञात घ्यायचे असतात, हे विसरले जाते आणि तेथून पुढचे पान फुकट जाते. फोरियरमध्येही तसेच होते. फंक्शन सम आहे की विषम हे आधी तपासले तर निम्मे गुणक शून्य निघतात आणि आकडेमोड अर्धी होते. ते न तपासता थेट इंटिग्रेशन बाय पार्ट्स सुरू केले की वेळ संपतो. म्हणजे तुमची एम-थ्रीची केटी बरीचशी बारावीच्या गणिताची केटी आहे. आठवडाभर फक्त पार्शल फ्रॅक्शन आणि बाय पार्ट्स करा, नंतर मागील प्रश्नपत्रिका घ्या. ऑटोमाटा पाठ करून सुटत नाही. डीएफए, म्हणजे अक्षरांची ओळ (स्ट्रिंग) स्वीकारायची की नाकारायची हे ठरवणारी आकृती, काढल्यावर दोन स्ट्रिंग स्वीकारल्या जाणाऱ्या आणि दोन नाकारल्या जाणाऱ्या अशा त्यातून चालवून पाहायच्या. एवढी सवय लागली की हा विषय तिन्हींत सोपा आहे. निकाल लागल्यावर दोन-तीन गुणांनी राहिलात, तर उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवा. तिची मुदत निकालानंतर लगेच सुरू होते आणि थोड्याच दिवसांत संपते.

हजेरीसाठी ७५ टक्क्यांचा नियम आहे आणि तो वाकवण्याचा अधिकार वर्गावरच्या प्राध्यापकांना नसतो. म्हणून त्यांच्याशी हुज्जत न घालता वर्गसमन्वयकांना भेटा, शुल्काच्या अर्जाची प्रत द्या आणि प्रात्यक्षिके, जर्नल, टर्मवर्क (सत्रभर करून द्यायचे काम) यांत एकही सबमिशन राहू देणार नाही असे सांगा आणि तसे वागा. व्याख्यान बुडाले तर वहीवरून भरून निघते, टर्मवर्क गेले तर पुढच्या सत्रापर्यंत काही करता येत नाही. अमेरिकेत व्हिन्सेंट टिंटो या अभ्यासकाने १९७५ पासून मांडलेला विचार असा की विद्यार्थी शिक्षण सोडतो की टिकतो हे त्याच्या कुवतीइतकेच तेथल्या माणसांशी त्याचे किती जुळले आहे यावरही ठरते. माझा अनुभव त्याला दुजोरा देतो. ज्याला महाविद्यालयातला एकही प्राध्यापक नावाने ओळखत नाही आणि ज्याला नोट्स पाठवणारा एकही मित्र नाही, तो मुलगा हुशार असूनही गळतो. संध्याकाळी तुम्ही थांबत नाही, त्यामुळे हे धागे तुमचे तुटले असणार. निदान एक जोडून घ्या.

वडिलांशी बोलताना पदवीचे महत्त्व समजावत बसू नका. घरात कमावते हात कमी झाले आहेत आणि समोर महिन्याला ठरलेला पगार दिसतो आहे, तेव्हा त्यांचे म्हणणे व्यवहाराला धरूनच आहे. एका कागदावर पुढच्या दीड वर्षाचा हिशेब मांडा: शिष्यवृत्तीनंतर उरणारे शुल्क, हप्त्यांच्या तारखा, शिकवण्यांचे येणारे पैसे, घरात दरमहा किती देणार. ज्या माणसाने कारखान्यात वर्षे काढली आहेत त्याला हिशेब कळतो. आणि त्यांना एक मुदत द्या: शेवटच्या वर्षाचा प्रवेश अडला तर पुन्हा एकत्र बसून ठरवू. मुदत नसलेल्या आश्वासनाला घरात वजन नसते.

हे सगळे करूनही शिक्षण थांबवावे लागले, तर त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण गायब होऊ नका. अर्ज देऊन थांबा, गुणपत्रिका जपा आणि मूळ कागदपत्रे परत घ्या. ती अडवून ठेवू नयेत असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच संस्थांना बजावले आहे. आता ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या ऑनलाइन खात्यात जमा झालेली क्रेडिट्स, म्हणजे उत्तीर्ण विषयांची श्रेये, सात वर्षांपर्यंत ग्राह्य राहू शकतात, तेव्हा तेथे आपले खाते आहे ना, हे पाहून ठेवा.

झोप उडाली असेल, जेवण जात नसेल किंवा जगणेच नकोसे वाटत असेल, तर ही बाब चिकाटीची राहत नाही. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, तो विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येते. तेथे फोन करा, केट्या नंतर पाहू.

नोकरीत केट्या नडतात का? नडतात, पण ज्या रीतीने तुम्हाला भीती वाटते त्या रीतीने नाही. भरतीला येणाऱ्या कंपन्या लाइव्ह केटी (अजून न सुटलेली) आणि डेड केटी (सुटलेली) यांत फरक करतात. लाइव्ह केटी असलेल्याला बहुतेक मोठ्या कंपन्या पहिल्या चाळणीतच वगळतात. सुटलेली केटी पुष्कळांना चालते, मात्र दहावीपासून सरसकट ६० टक्के किंवा त्याला समान पॉइंटर (ग्रेडची सरासरी) मागणाऱ्या कंपन्या तुमच्यासाठी बंद राहतील. त्यांच्यावर जीव टाकू नका. ऐरोली, रबाळे, महापे, तुर्भे या पट्ट्यात आणि वागळे इस्टेटमध्ये लहान-मध्यम कंपन्या शेकड्यांनी आहेत, त्या महाविद्यालयात भरतीला येत नाहीत आणि त्यांना पॉइंटरपेक्षा उद्यापासून कोण काम करील यात रस असतो. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा आहे. त्याखाली पदवीधरांना वर्षभर शिकाऊ म्हणून घेता येते, विद्यावेतन द्यावे लागते आणि त्यातला काही भाग शासन कंपनीला परत करते. आमच्या मुलांना हा रस्ता कमीपणाचा वाटतो. हा ग्रह मला अजिबात पटत नाही.

एका विद्यार्थ्याचे सांगते. इलेक्ट्रिकलचा होता आणि पदवीला एक वर्ष जास्त लागले. रबाळ्याच्या एका कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागला. पहिले कित्येक महिने काम एकच: वायर मापात कापायची, टोक सोलायचे, आराखड्यातला क्रमांक पाहून फेरूल (क्रमांकाची नळी) चढवायचा, लग (धातूचे टोक) दाबून क्रिंप करायचा, टर्मिनलला कसायचा, आणि मग मल्टीमीटरने कंटिन्युटी तपासायची. पदवीधराने हे का करावे, असे त्याच्या घरचे विचारत. तो मात्र फेरूल चढवता चढवता आराखडा वाचायला शिकला, कारण क्रमांक चुकला तर पॅनल तपासणीत अडते आणि कोणत्या कॉन्टॅक्टरकडे (विजेने चालणाऱ्या स्विचकडे) कोणती वायर का जाते हे कळल्याशिवाय चूक सापडत नाही. पुढे ग्राहकाच्या जागी जाऊन पॅनल सुरू करून देणाऱ्या चमूत त्याला घेतले, कारण बंद पडलेला पॅनल उघडून दोष कोठे आहे हे त्याला लवकर दिसे. तुमच्या शाखेत याच्या जागी टेस्टिंग किंवा सपोर्टचे काम येईल. लॉग (संगणकाच्या नोंदी) वाचायचे, तिकिटे (नोंदवलेल्या तक्रारी) बंद करायची. त्याचाही असाच उपयोग करता येतो, जर प्रत्येक तिकिटामागचे कारण तुम्ही स्वतःच्या वहीत लिहिलेत तर.

मात्र प्रत्येक कष्टाच्या नोकरीत टिकून राहावे, असे मी म्हणणार नाही. सहा महिन्यांपूर्वी न येणारी कोणती गोष्ट आज येते, याचे उत्तर देता येत नसेल आणि तुमचे काम पाहून चूक दाखवणारे वरचे माणूस तेथे नसेल, तर ती नोकरी पगारासाठी धरा आणि दुसरी शोधायला लागा. नोकरी देण्याआधी अनामत मागणारी किंवा मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेणारी कंपनी असेल, तर दारातूनच परत फिरा. घरात तंगी असलेल्या मुलांनाच असे लोक बरोबर हेरतात.

मुलाखतीत केट्यांविषयी विचारतील तेव्हा सहानुभूती मागू नका आणि लपवूही नका, गुणपत्रिका त्यांच्यासमोर असते. तीन वाक्यांत सांगा: ‘दुसऱ्या वर्षी वडील काम करीत होते तो कारखाना बंद झाला आणि मी रात्री काम करू लागलो. त्या काळात तीन विषय राहिले. कामाच्या वेळा बदलल्यावर ते सोडवले.’ एवढे बोलून थांबा. बहुतेक जण लगेच पुढे जातात. जाणकार तांत्रिक मुलाखतकार असेल तर पुढचा प्रश्न तो राहिलेल्या विषयावरच विचारतो, म्हणून जाण्याआधी नेटवर्क सिक्युरिटीची वही पुन्हा एकदा उघडून जा. विशेषतः सिमेट्रिक आणि पब्लिक-की एन्क्रिप्शनमधला फरक, डिजिटल सिग्नेचर आणि फायरवॉल हे भाग पाहून जा, कारण माहिती तंत्रज्ञानाच्या मुलाखतीत तेच विचारले जातात.